समुद्र नको, गर्दी हवी
रत्नागिरीकरांचा हनिमून : थोडं शहर, थोडं थीम पार्क

रत्नागिरीत साखरपुडा झाला की आठवड्याभरात मुंबईहून फोन सुरू होतात. बोरिवलीची आत्या, डोंबिवलीचे काका, लालबागची चाळ सोडून विरारला गेलेली मावशी. विषय एकच. लग्नानंतर दोघं फिरायला मुंबईला येणारच, तर उतरायचं आमच्याकडे. हॉटेलात पैसे कशाला घालवता? एक खोली मोकळीच आहे. ती मोकळी नसते हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं. दहावीतल्या मुलाला पुस्तकांसकट हॉलमध्ये हलवून ती मोकळी होणार असते. पण नाही म्हणवत नाही, कारण नवऱ्यामुलाची कॉलेजची वर्षं त्याच घरात गेलेली असतात.

रत्नागिरीकराच्या हनिमूनचं नियोजन इथून सुरू होतं आणि पुष्कळदा इथंच गडगडतं.

इतर गावच्या जोडप्यांचं सोपं असतं. देशावरची मंडळी समुद्र बघायला निघतात, नागपूरकर थंड हवा शोधतात. रत्नागिरीकराला समुद्राचं नवल नाही. भाट्याची वाळू त्याच्यासाठी रात्रीच्या जेवणानंतरची फेरी असते, मांडवीची जेटी म्हणजे भेळ खायची जागा. गणपतीपुळे, आरे-वारे, मालगुंड या पट्ट्यात पुण्या-कोल्हापूरची नवी जोडपी येतात, आणि त्यांच्या खोल्यांवर, मोदकांच्या ताटांवर, सोलकढीवर इथली कितीतरी घरं चालतात. दिवाळीपासून मेपर्यंत दुसऱ्यांच्या हनिमूनला खोल्या लावून देणारा मुलगा स्वतःच्या हनिमूनला पुन्हा किनाऱ्यावर कशाला जाईल? दाट झाडी, धबधबे, घाट यांचंही तेच. ते सगळं त्याच्या परसात आहे.

त्याला हवं असतं ते इथं मिळत नाही. उंच इमारती, रात्री अकराला उघडी दुकानं, मेट्रो, मोठा पडदा आणि पोटात गोळा आणणारी रोलर कोस्टर. म्हणून माळनाका, मारुती मंदिर भागातल्या ट्रॅव्हल ऑफिसांत अलीकडे जोडीनेच नावं ऐकू येतात. सिंगापूर आणि युनिव्हर्सल, दुबई आणि फेरारी वर्ल्ड, आणि खिशाला झेपेल असं म्हणजे मुंबई आणि इमॅजिका.

यात चैनीची हौस आहेच, पण तेवढीच नाही. रत्नागिरी शहर म्हणवतं, तरी रामआळीत नवं जोडपं गेलं की दुकानदार मुलाकडे बघून हसतो आणि मुलीला विचारतो, माहेर कुठलं? थिबा पॉइंटला सूर्यास्त बघायला थांबलं तर शेजारच्या बाकावर वडिलांचे निवृत्त सहकारी निघतात. हातात हात घेऊन शंभर पावलं चालायची सोय नाही. मोठ्या शहरात तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो, आणि थीम पार्कमध्ये सगळेच ओरडत असतात, त्यामुळे तुम्हीही ओरडलात तर कोणी मान वळवत नाही. या दोन मोकळिकींसाठीच हा खर्च आहे. ते लक्षात ठेवलं तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

बोट, लाल गाडी आणि गोराईची खाडी

आजच्या मुलांच्या आजी-आजोबांच्या काळात हनिमून नावाचा वेगळा प्रकार फारसा नव्हता. लग्न झालं, ग्रामदेवतेची ओटी भरली, कुलदैवताला जाऊन आले, सत्यनारायण झाला, आणि नवरा सुट्टी संपली म्हणून मुंबईला परतला. गिरणीत किंवा गोदीत कामाला असलेल्या चाकरमान्याची बायको अनेकदा गावीच राहायची, सासू-सासऱ्यांपाशी, शेतीपाशी. तिचा मधुचंद्र म्हणजे पुढच्या शिमग्याला किंवा गणपतीला नवरा घरी येई ते चार दिवस.

जिला मुंबई दिसे ती रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरे, पुढच्या काळात एसटीच्या रातराणीने परळला. मुक्काम चाळीतल्या खोलीत. त्याच खोलीत गावचे आणखी चार जण. मग रविवारी राणीची बाग, गेटवे, हँगिंग गार्डन, चौपाटीची भेळ, आणि १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय. मिरकरवाड्याच्या बंदरावर रोज सुरमई-पापलेट बघणाऱ्या मुलीला काचेमागचे मासे दाखवायला नेत, यातली गंमत तेव्हा कोणाला जाणवली असेल का, कोण जाणे.

१९८९मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडलं आणि मुंबई बघण्याच्या यादीत एक नवं नाव आलं. खाडी ओलांडून होडीने तिथं जायचं. १९९८मध्ये त्याला लागून वॉटर किंगडम आलं. त्याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि रात्रभर घाटवळणं सोसायचा प्रवास दिवसाढवळ्या, खिडकीशी बसून होऊ लागला. नव्वदीच्या अखेरीस लग्न झालेल्या कितीतरी रत्नागिरीकरांच्या अल्बममध्ये एस्सेलवर्ल्डच्या दारातला फोटो आहे. तिच्या हातात हिरवा चुडा, त्याच्या डोक्यावर तिथंच विकत घेतलेली टोपी. २०२२मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं. त्याच्या जाहिरातीची धून मात्र त्या वयाच्या माणसांना आजही पाठ आहे.

पार्क गावाबाहेर का असतं

शहर आणि पार्क एकाच सहलीत बसवताना पहिली अडचण येते ती अंतराची, आणि तिला कारण आहे. कोपनहेगनचं तिवोली हे १८४३चं उद्यान शहराच्या अगदी मध्यात, मुख्य रेल्वे स्टेशनला लागून आहे. वॉल्ट डिस्ने ते बघून आले होते. पण त्यांनी स्वतःचं डिस्नेलँड काढलं ते लॉस एंजेलिसबाहेर ॲनाहाइमला, संत्र्यांच्या बागा तोडून. १७ जुलै १९५५ला ते उघडलं. पुढे पार्क काढणाऱ्या बहुतेकांनी हाच रस्ता धरला. शेकडो एकर जमीन, मोठा पार्किंगतळ आणि हमरस्ता एकत्र मिळतो तो शहराबाहेर. त्यामुळे पॅरिसचं डिस्नेलँड पॅरिसमध्ये नाही, मार्न-ला-व्हॅलेला आहे. मुंबईचं म्हणवणारं इमॅजिका मुंबईत नाही, खोपोलीजवळ आहे. दुबईच्या पॅकेजमधलं फेरारी वर्ल्ड तर अबू धाबीच्या यास बेटावर आहे.

एजंटच्या रंगीत कागदावर हे अंतर दिसत नाही. तिथं लिहिलेलं असतं, सकाळी पार्क, संध्याकाळी शहरदर्शन. प्रत्यक्षात सकाळचे दोन तास आणि रात्रीचे दोन तास गाडीत जातात, आणि दर्शनाच्या वेळी एक जण बसमध्ये झोपलेला असतो. म्हणून पहिला नियम असा की पार्क शहरापासून लांब असेल तर तिथं एक रात्र काढा. पार्क शहराच्या मेट्रोवर असेल तर हॉटेल बदलू नका.

पनवेलचा फायदा

मुंबई आणि इमॅजिका या जोडीत रत्नागिरीकराला भूगोल साथ देतो. कोकण रेल्वेच्या गाड्या पनवेलवरून जातात, आणि पनवेलहून खोपोली रस्त्याने जवळ. जून २०२३मध्ये सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारतसुद्धा पनवेल आणि रत्नागिरी दोन्हीकडे थांबते. म्हणजे पार्कसाठी मुंबईत जाऊन पुन्हा मागे यायची गरज नाही. ते वाटेवरच आहे.

प्रश्न एवढाच की जाताना उतरायचं की येताना. बहुतेक जण उत्साहात जातानाच उतरतात. माझं मत उलट आहे. लग्नघरातून निघालेल्या दोघांची झोप अपुरी असते. हळदीपासून सत्यनारायणापर्यंत पोटात वेळीअवेळी लाडू, भजी आणि मसालेभात गेलेला असतो. अशा पोटाने रोलर कोस्टरवर चढू नये. आधी मुंबईत दोन-तीन दिवस आरामात काढावेत, परतताना खोपोलीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पार्क करावं आणि तिसऱ्या दिवशी पनवेलला गाडी पकडावी.

मुंबईत राहायचं कुठं? खिसा परवानगी देत असेल तर फोर्ट-चर्चगेटकडे, नाहीतर दादरला. दादरला राहिलं तर शिवाजी मंदिरला नाटक चालत जाऊन बघता येतं, आणि रत्नागिरीत दौऱ्यावर कधीतरी येणारं नाटक तिथं हव्या त्या शनिवार-रविवारी मिळतं. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५पासून पूर्ण धावू लागली, त्यामुळे दादरहून दक्षिण मुंबई घाम न गाळता गाठता येते. एक सकाळ काळा घोडा आणि शेजारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, एक दुपार भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि राणीच्या बागेतले पेंग्विन, एक संध्याकाळ मरीन ड्राइव्ह. समुद्र नको म्हणणारा रत्नागिरीकरही तिथल्या कठड्यावर तासभर बसतो, कारण तिथं पाठीमागे कोणाचे काका नसतात.

आता इमॅजिका. चित्रपट व्यवसायातून आलेल्या मनमोहन शेट्टींनी ते २०१३मध्ये सुरू केलं. २०२२मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आलं. आधीच्या पार्कांत पाळणे होते, इथं पाळण्यांना गोष्ट जोडलेली होती. मिस्टर इंडिया, अलीबाबा, सलीमगडचं भूत, आणि गुजरातेत सापडलेल्या जीवाश्मांवरून ज्याला नाव मिळालं त्या राजासॉरस डायनासोरची जलसफर. धाडसी मंडळींचा खरा डोळा असतो ‘नायट्रो’वर. या रोलर कोस्टरला पायाखाली फळी नाही, पाय हवेत लोंबकळतात. तासाला शंभर किलोमीटरहून जास्त वेग आणि पाच वेळा उलटंपालटं.

इथं नव्या नवरीचा एक प्रश्न उभा राहतो, जो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. चुडा आपण होऊन वाढेपर्यंत उतरवायचा नाही, असं सासूने, आईने आणि कासारणीने वेगवेगळं बजावलेलं. गळ्यात दोन पदरी मंगळसूत्र, पायात जोडवी, केसांत मोठे क्लिप. खांद्यावरून येणारा लोखंडी पट्टा छातीवर बसतो तेव्हा मंगळसूत्राच्या वाट्या हाडाला रुततात. दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला की काचेच्या बांगड्या एकमेकींवर आपटतात, आणि एखादी फुटली तर मनगटाला लागते. वर घरी काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच. यावर सोपा उपाय आहे. निघण्यापूर्वी चुड्यातल्या चार-चार काचेच्या बांगड्या ठेवून बाकीच्यांच्या जागी घट्ट बसणारे कडे किंवा प्लॅस्टिकच्या हिरव्या बांगड्या घालायच्या आणि वर लांब बाह्यांचा कपडा. मोठं मंगळसूत्र घरी कपाटात, गळ्यात छोटं, तेही कपड्याच्या आत. जोडव्यांचं काही अडत नाही, पण पायात पट्ट्यांची सँडल हवी. चप्पल हवेत राहत नाही.

वॉटर पार्कचं आणखी वेगळं. तिथं सुती पंजाबी ड्रेस, साडी, जीन्स चालत नाहीत. नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतो, नसेल तर भाड्याने घ्यावा लागतो. संकोच असेल तर पूर्ण बाह्यांचा, पायघोळ नायलॉनचा पोशाख बाजारात मिळतो. तो आधीच घेतला तर सकाळी भाड्याच्या खिडकीवरची रांग आणि कुरबुर दोन्ही वाचतात. आणि आईने बांधून दिलेले चिवडा-लाडू, फणसपोळी खोलीवर ठेवा. बाहेरचं खाणं दारावर अडवतात.

या मार्गात एक गुपितही आहे. इमॅजिका आहे खोपोली-पाली रस्त्यावर. पालीला बल्लाळेश्वर, खोपोलीच्या अलीकडे महडला वरदविनायक. म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवायच्या कागदावर ‘पाली-महड अष्टविनायक दर्शन’ असं लिहिता येतं आणि त्यात खोटंही काही नसतं. नायट्रोवर बसण्याआधी गणपतीला नमस्कार करणारे पुष्कळ भेटतील.

आंबा घाट चढून

बजेट मुंबई-इमॅजिकाहूनही कमी असेल, किंवा रजा कमी असेल, तर कोल्हापूर. आंबा घाटातून गेलं की अर्ध्या दिवसात पोचता येतं. अनेक रत्नागिरीकरांना अंबाबाई आणि जोतिबाला जायचंच असतं. देवदर्शनाच्या गाडीत दोन वाढीव दिवस घातले की हनिमून होतो. एकच अट, दर्शनाला दहा जण आले असतील तर दर्शन आटोपल्यावर आठ जणांना परत पाठवायचं.

कोल्हापूर हे फिरायला रुबाबदार शहर आहे. भवानी मंडप, न्यू पॅलेसमधलं संग्रहालय, शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग कुस्ती मैदान, रंकाळ्यावरची संध्याकाळ, सकाळी मिसळ आणि रात्री तांबडा-पांढरा. पार्क म्हणाल तर शहराबाहेर कणेरीचा सिद्धगिरी मठ. तिथं अख्खं जुनं गाव पुतळ्यांतून उभं केलेलं आहे. कुंभार, चांभार, न्हावी, सावकार, मोट हाकणारा शेतकरी, अंगणात खेळणारी पोरं. चाकावर फिरणारं काही नाही, पण एकाच विषयावर बांधलेली आणि आत शिरलं की बाहेरचा काळ विसरायला लावणारी जागा म्हणजेच थीम पार्क, तर हे त्यातलं अस्सल आहे. आणि त्याच जातीची एक जागा रत्नागिरी जिल्ह्यातच आहे, सावर्ड्याजवळच्या डेरवणची शिवसृष्टी. शाळेच्या सहलीला बघितली म्हणून मोठेपणी तिथं कोणी जात नाही. महामार्गाने मुंबईला निघालेल्या जोडप्याने तासभर गाडी वळवावी.

तांदळातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव

परदेशी जायचं ठरलं की रत्नागिरीची जोडपी दोन वाटांनी जातात. एक वाट मराठी टूर कंपन्यांची. केसरीने आणि पुढे वीणा वर्ल्डने ‘हनिमून स्पेशल’ हा प्रकार मराठी घरांत रुजवला. एकाच वेळी लग्न झालेली वीस-पंचवीस जोडपी, एक टूर मॅनेजर, आपलं जेवण, आपली भाषा. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला हा मोठा आधार असतो. पण पाहुण्यांच्या तावडीतून सुटून माणूस पुन्हा गोतावळ्यात शिरतो. सकाळी साडेसातला लॉबीत हजर राहायचं, आणि बसमध्ये मागच्या सीटवर देवरुखची ओळख निघते. दुसरी वाट स्वतः आखून जाण्याची. शहर-अधिक-पार्क या सहलीला ती जास्त मानवते, कारण पार्कमध्ये कुठल्या रांगेत किती उभं राहायचं हे गटाला ठरवता येत नाही.

स्वतः आखणाऱ्याने पहिली गोष्ट तपासावी ती नाव. लग्नात नवरा तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो, पत्रिकेवर नवं आडनाव छापून आलेलं असतं, आणि उत्साहात विमानाचं तिकीटही त्याच नावाने काढलं जातं. विमान कंपनी बघते फक्त पासपोर्ट. पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर तिकीट, व्हिसा, हॉटेल, पार्क सगळं माहेरच्याच नावाने काढा. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही. मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिन्यांहून जास्त शिल्लक आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

दुसरी गोष्ट पैसे. परदेशी पॅकेजवर कंपनी ठरलेल्या किमतीशिवाय टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा कर, घेते. तो आयकरातच जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण तो ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच. दोघांपैकी कोणाच्या पॅनवर बुकिंग करायचं हे आधी ठरवा. दर बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीचा विचारून घ्या.

जागा निवडताना माझा कौल सिंगापूरला. संपूर्ण देश हेच एक शहर, आणि पार्क त्याच शहरात. युनिव्हर्सल स्टुडिओज सेंतोसा बेटावर आहे, २०१०मध्ये सुरू झालेलं. मेट्रोने हार्बरफ्रंट आणि तिथून छोटी मोनोरेल. हॉटेल बदलायला नको. पार्क आकाराने लहान, त्यामुळे एका दिवसात पुरं होतं. तिथल्या ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’च्या दोन रोलर कोस्टर एकमेकींना हवेत हुलकावणी देत जातात. एकीत बसून जायचं, दुसरीत लोंबकळत आणि उलटं होत. जोडप्यातला भित्रा एकीत आणि धाडसी दुसरीत अशी वाटणी करता येते. बाकीचे दिवस शहराचे. गार्डन्स बाय द बे, सेरंगून रोडवरच्या लिटल इंडियात १९४७पासून चालणाऱ्या कोमला विलासचा डोसा, आणि हॉकर सेंटरमधली रात्रीची जेवणं. या हॉकर संस्कृतीला २०२०मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. परतताना चांगी विमानतळावरचा चाळीस मीटरचा छपराखालचा धबधबा बघायला दोन तास हाताशी ठेवा. धबधब्यांच्या गावच्या माणसालाही तो आवडतो. व्हिसा अधिकृत एजंटमार्फत काढावा लागतो. च्युइंगगम नेऊ नका.

हाँगकाँग हा दुसरा चांगला पर्याय. तिथलं डिस्नेलँड २००५चं, आणि सनी बे स्टेशनवरून तिथं जायला खास मेट्रो आहे, तिच्या खिडक्या मिकीच्या आकाराच्या. भारतीयांना निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते.

दुबईचं रत्नागिरीला वेगळं नातं आहे. राजापूर, रत्नागिरी, चिपळूणच्या मुस्लिम घरांतले कितीतरी जण पिढ्यान्‌पिढ्या आखातात नोकरी करतात. त्यामुळे दुबई ठरलं की फोन येतो शारजाहून, मामूचा. हॉटेल कशाला? घर आहे ना! म्हणजे पुन्हा तेच. तिथं जाणाऱ्या जोडप्यांनी निदान शेवटच्या दोन रात्री अबू धाबीच्या यास बेटावर काढाव्यात. फेरारी वर्ल्ड, वॉर्नर ब्रदर्स, सी-वर्ल्ड आणि वॉटरवर्ल्ड तिथं शेजारी-शेजारी आहेत. फेरारीतली ‘फॉर्म्युला रोसा’ ताशी २४० किलोमीटरने सुटते, बसण्याआधी डोळ्यांना गॉगल देतात. चारही पार्कं करण्याचा हट्ट धरू नका. दोन पुरेत. आणि ऐकीव माहितीवर विसंबू नका. दुबईचं बॉलिवूड पार्क काही वर्षांतच बंद झालं, तरी त्याचं नाव जुन्या यादीतून अजून कोणाकोणाला सांगितलं जातं.

डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत. तुमचं विमान तिथून असेल तर पनवेलला उतरून थेट विमानतळ गाठता येतो, मुंबई ओलांडायला नको. पण तिकिटावर कुठल्या विमानतळाचं नाव आहे हे दोनदा वाचा.

तारीख कोण ठरवतं

पंचांग, आंबा आणि शाळांच्या सुट्ट्या, या तिघांच्या तावडीतून तारीख काढावी लागते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. चाकरमानी गावी असतात म्हणून मेमध्येही लग्नांची धामधूम असते. पण मार्च ते मे बागायतदाराला घर सोडता येत नाही. झाडावर हापूस आणि दारात ट्रक असतो. मेमधलं लग्न झालं की लगेच निघणाऱ्याला प्रत्येक पार्कात शाळांच्या सुट्टीची गर्दी आणि ऊन भेटतं. जूनमध्ये पाऊस. विजा आणि जोराच्या सरी आल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागून गाड्या धीम्या होतात. आषाढात नवी सून माहेरी. भाद्रपदात पहिल्या गौरीचा ओवसा, तो चुकवून चालत नाही. मग दिवाळसण.

उरतं काय? मेमध्ये लग्न झालेल्यांनी दिवाळसण आटोपून नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भारतातली सहल करावी. नाताळच्या आत. तुळशीनंतर लग्न झालेल्यांनी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत निघावं. सिंगापूर-हाँगकाँगला चिनी नववर्षाचा आठवडा टाळावा. आणि पार्कचा दिवस कुठेही मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. तिकिटाचा दर आणि रांगेची लांबी, दोन्ही वारावर ठरतात. लग्नानंतर आठव्या दिवशीच जायला हवं असा नियम कोणी केलेला नाही. सहा महिन्यांनी गेलेली जोडपी जास्त मजा करतात, कारण तोवर कोणाला उंचीची भीती आहे आणि कोणाला भूक लागली की राग येतो, हे कळलेलं असतं.

पार्कचा दिवस आखताना मोठी राइड सकाळी दार उघडल्या-उघडल्या, जेवण साडेअकराला किंवा अडीचला, दुपारी वातानुकूलित खेळ, संध्याकाळी पुन्हा बाहेरच्या राइड. गरोदरपणाची शक्यता असेल तर तेज राइड टाळायच्या, पाठ-मान-हृदयाचं दुखणं असेल तरीही. एकाला नको असेल तर दुसऱ्याने एकटं बसून यावं, यात रुसण्यासारखं काही नाही. ठरवून झालेल्या लग्नातल्या जोडप्याला रांगेचा एक वेगळाच उपयोग होतो. पाऊण तास उभं राहायचं, हाताला काम नाही, बाजूला सासू नाही, फोन लॉकरमध्ये. पसंतीच्या वेळी गॅलरीत मिळालेल्या दहा मिनिटांनंतरचं हे त्यांचं पहिलं लांब बोलणं असू शकतं. म्हणून जलद रांगेचा महागडा पास सुट्टीच्या दिवसाखेरीज घेऊ नये.

राहता राहिला निवडीचा अधिकार. आजही बहुतेक घरांत मुलगा एजंटकडे जातो, आगाऊ रक्कम भरतो आणि मुलीला फोनवर जागा सांगतो. ती मग दोन-चार दिवस तिथल्या राइडचे व्हिडिओ बघून घाबरत बसते, किंवा तिला जे बघायचं होतं ते यादीत नाही हे कळून गप्प राहते. साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये दोन-तीन महिने असतात, रोज तासभर फोन होतात. त्यातला एक तास यासाठी काढावा. शहर एकाने निवडावं, पार्क दुसऱ्याने, आणि प्रत्येकाला एक दिवस नाकारायचा हक्क असावा. पैसे दोघांच्या नोकरीतून येत असतील तर हिशेबही दोघांनी ठेवावा. नातेवाइकांना तारखा सांगाव्यात, हॉटेलचं नाव सांगू नये. एवढं जमवणाऱ्या जोडप्याला एजंटची गरज फक्त व्हिसापुरती उरते.